एक ओळ आणि ओलं फडकं

…आणि वर मलाच विचारतात, "पण सर, टेबल आवरायला तुम्हाला सांगितलं होतं कुणी?" सांगितलं होतं कुणी म्हणजे? टेबल आवरायला परवानगी लागते? उद्या म्हणतील, सर, नाक पुसायला तुम्हाला सांगितलं होतं कुणी! बसा, बसा, सगळे बसा, उभ्याने भांडू नका. तुम्ही कशाला आलायत ते ठाऊक आहे मला. मोठ्या वर्गाचे पालक ना? सकाळी पेपर चालू असताना मधेच शेवटची घंटा कशी झाली, हेच विचारायला आलात ना? आणि मोठ्या बाईंनी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांनी, तुम्हाला सरळ माझ्या अंगावर सोडलं. "गणिताच्या सरांना विचारा, टेबल त्यांनी आवरलं." वा! सांगतो. सगळं सांगतो. फक्त माझं लक्ष मधूनमधून ह्या घड्याळाकडे जाईल, त्याचं वाईट वाटून घेऊ नका. तीन वीसला मला उठायचंय. का ते आत्ता विचारू नका, त्यानेच तर डोकं फिरलंय माझं! आत्ता तीनला पाच कमी आहेत, भरपूर वेळ आहे. तर तुम्हाला सांगतो, मला करायचं काय होतं? एक ओळ! फक्त एक ओळ बदलायची होती मला!

आता तुम्ही म्हणाल, गणिताच्या मास्तराचा आणि घंटेचा संबंध काय? तेच तर! सात वर्षांपूर्वी आमच्या शिक्षकांच्या खोलीतल्या प्रिंटरमध्ये कागद अडकला. सगळे भोवती उभे राहून हळहळतायत, च्‌ च्‌ च्‌, जसं काही कुणी घरातलंच आजारी आहे… मी पुढे झालो, झाकण उघडलं, कागद ओढला. संपलं! त्या दिवसापासून शाळेत वायर असलेलं जे जे म्हणून आहे ते माझं. संगणक माझा, माइक माझा, पंखा कुरकुरला, बोलवा सरांना. मोठ्या बाईंचा फोन नातवाने कुलूपबंद केला, बोलवा सरांना! अरे, कागद ओढायच्या आधी कुणी सांगायचं तरी, की सर, हा कागद नाही, हा नेमणुकीचा हुकूम आहे!

तर गेल्या वर्षी घंटेचं यंत्र आलं. त्याआधी घंटा मामा द्यायचे. मामा म्हणजे आमचे शिपाई, सगळी शाळा त्यांना मामाच म्हणते, मोठ्या बाईसुद्धा. व्हरांड्यात ती पितळेची थाळी टांगलेली दिसतेय ना, ती, आणि हातात लाकडी हातोडा. सव्वीस वर्षं! सव्वीस वर्षांत मिनिट इकडचं तिकडे नाही. यंत्र आलं आणि मामांना म्हटलं, आता तुम्ही आराम करा. आराम कसला, ते दर तासाला व्हरांड्यात येऊन घड्याळ बघतात, यंत्र वाजलं की मान हलवतात आणि आत जातात. आणि यंत्र कसं? वीतभर डबा, भिंतीवर उंच ठोकलाय, त्याला ना स्क्रीन ना बटणं. त्याच्याशी बोलायचं तर शिक्षकांच्या खोलीतल्या कोपऱ्यातल्या संगणकावरून बोलायचं, आणि तेही त्या टर्मिनलमधून. टर्मिनल माहितेय? काळीकुट्ट खिडकी उघडते, आत एक पांढरी काडी लुकलुकत असते, बस. चित्र नाही, माउस चालत नाही, जे सांगायचं ते टाइप करून सांगा. आत परीक्षेच्या दिवसाची एक फाइल आहे. पाच ओळी. किती वाजता वाजायचं आणि किती टोल द्यायचे, एवढंच. झोपेत बदलेल माणूस.

शुक्रवारी मोठ्या बाईंनी बोलावलं. "सर, सोमवारचा गणिताचा पेपर जरा लांबलाय." पेपर काढला कुणी? मी! म्हणजे टोमणाही मलाच. "मुलांना पंधरा मिनिटं वाढवून देऊ. शेवटची घंटा अकराऐवजी सव्वाअकराला. जमेल ना? एक ओळ आहे ना?" "एकच आहे हो बाई," म्हटलं. हसत म्हटलं!

बाहेर आलो तर दारात ती सुताराची मुलगी. तिचे वडील आलेत का तुमच्यात? नाही ना? बरं झालं. तिचा उजवा हात मोडला होता, प्लास्टर निघून दहा दिवस झालेत. लिहिते सावकाश, एकेक आकडा कोरून काढावा तसं. गणित येतं हो तिला! कधीकधी माझ्यापेक्षा सुटसुटीत सोडवते. पण हातच चालत नाही त्याला ती तरी काय करणार? गेल्या परीक्षेत येत असलेली दोन गणितं राहिली, नापास झाली. ह्याही पेपरात राहिली तर वर्ष गेलं तिचं. मला म्हणाली, "सर, पंधरा मिनिटं खरंच मिळणार?" मी म्हटलं, "माझा शब्द!" छातीवर हात ठेवून म्हटलं. आता सांगा, त्या पोरीचं अख्खं वर्ष कशावर लटकलेलं? एका ओळीवर! फक्त एक ओळ बदलायची होती मला!

शनिवारी शाळा सुटली, सगळं शांत झालं, मी ऐटीत त्या संगणकासमोर जाऊन बसलो… आणि टेबल बघितलं. अहो, ते टेबल होतं का? सात वर्षांत ज्याला ज्या वस्तूचं काय करावं कळलं नाही त्याने ती तिथे आणून ठेवली होती! मेलेले माउस चार. एका की-बोर्डला अर्धी अक्षरंच नाहीत. कुणाचे तरी तपासलेले पेपर, ती मुलं आता नोकरीला लागली असतील. जप्त केलेल्या शिट्ट्या, नाटकातल्या चिकटवायच्या मिशा, पाय तुटलेला कंपास, कपाच्या तळाशी चहा आणि चहावर केस उगवलेले. आणि मनगट टेकवायला जागा नाही. मी म्हटलं, माणसाने काम करायचं तर कसं स्वच्छ बसून करावं. चुकलं माझं? सांगा ना, चुकलं? वर्गात मुलांना मी हेच सांगतो, आधी बाक आवरा, मग वही उघडा. म्हणून उठलो आणि बाह्या सरसावल्या.

एक खोकं घेतलं, वर लिहिलं 'भंगार', आणि टाकत सुटलो. माउस गेले, मिशा गेल्या, एक लाकडी हातोडा निघाला, तोही गेला. मग वायरी! टेबलाखाली वाकून बघतो तर वायरींचा नुसता गुंता, सगळ्या काळ्या, कुठली कुठून निघते आणि कुठे जाते काही पत्ता नाही. मी सगळ्या सरळ केल्या, एकत्र घेतल्या आणि दोरीने गाठी मारमारून एक जाडजूड जुडगा बांधला. असा देखणा दिसत होता, काय सांगू! मामा फडकं घेऊन दारात उभे. म्हणाले, "सर, नंतर ह्यातली कुठली कशाची ते कळेल ना?" मी म्हटलं, "मामा, तुम्ही आपलं ओलं फडकं द्या."

किती वाजले? तीन. चालेल.

मग बसलो, काळी खिडकी उघडली. आता फाइल उघडायला लागतो एडिटर. म्हणजे लिहायचं साधन हो, पेन समजा. आणि आत एडिटर किती? तीन! एक ओळ बदलायला तीन पेनं! नावं सांगत नाही मी, कारण नाव काढलं की त्याचे भक्त जमिनीतून उगवतात आणि दोन तास हलत नाहीत. अनुभवाचे बोल आहेत. मी मूर्खासारखा आमच्या मेहुण्याला फोन केला. बायकोचा धाकटा भाऊ, संगणकाच्या कंपनीत आहे, बोलतो असा की सगळे संगणक त्यानेच अंगाखांद्यावर खेळवले. "भाऊजी! शेवटी आलात ना इकडे! पहिला घ्या, पहिला. दुसऱ्याकडे बघायचंसुद्धा नाही. एकदा बोटांना वळण लागलं ना, की माउसला हात लावावासा वाटणार नाही!" आता पहिल्याची तऱ्हा ऐका. त्यात लिहायला गेलं की लिहिता येत नाही. आधी परवानगीचं एक बटण दाबायचं, मग लिहायचं, लिहून झालं की कोपऱ्यातलं बटण दाबून परवानगी परत करायची. आणि परवानगी नसताना चुकून काही दाबलंत तर? तर प्रत्येक अक्षर म्हणजे हुकूम! एक दाबलं की ओळ पुसली, दुसरं दाबलं की ओळ चिकटली, आधी आकडा दाबला तर तितक्या वेळा चिकटली! मी म्हटलं, "अरे, हे पेन आहे का कोर्ट आहे?" तर म्हणे, "भाऊजी, हीच तर मजा आहे!" कुणाची मजा? कुणाची?

तेवढ्यात विज्ञानाच्या मॅडम आल्या. त्यांच्या टेबलावरचा दिवा माझ्या जुडग्यामुळे गेला होता, भांडायलाच आल्या होत्या, पण फोनवर 'पहिला' ऐकलं आणि दिवा विसरल्या. "पहिला? सर, तुम्ही शिकलेले आहात ना? दुसरा घ्या! दुसऱ्यात काय नाही? लिहा, पत्रं पाठवा, कॅलेंडर बघा, हिशोब करा, खेळ खेळा…" मी म्हटलं, "मॅडम, एक ओळ!" "तीही बदलता येते ना! डाव्या हाताची दोन बोटं इथे धरून ठेवायची, उजव्याची दोन इथे, आणि मग हे…" त्यांच्या करंगळीला बँडेज होतं. मी विचारलं हे काय झालं, तर अभिमानाने म्हणाल्या, "हे दुसऱ्यामुळे." म्हणजे बोट मोडलं तरी बाई म्हणतात हाच घ्या! फोनवर मेहुणा ओरडतोय, समोर मॅडम ओरडतायत, दोघांनी एकमेकांना जन्मात पाहिलेलं नाही आणि भांडण असं की जणू जमिनीची वाटणी चाललीय. आणि मी मधे. अहो, फक्त एक ओळ बदलायची होती मला!

आणि तिसरा होता. तो उघडून बघितला मी. साधा. आत गेलं की लिहा, आणि काय दाबलं की काय होतं ते खाली पट्टीवर लिहिलेलं. मामा मागून वाकून म्हणाले, "सर, ह्याच्यात खाली सगळं लिहिलंय की. साठवा, बाहेर पडा. हाच बरा." झालं! दोघे भांडणारे त्या क्षणी एक झाले. फोनवरून मेहुणा आणि समोरून मॅडम, एका सुरात, "तो? तो बालवाडीतला आहे!" आता मला सांगा, एकवीस वर्षं गणित शिकवलेला माणूस चारचौघांत बालवाडीत बसेल का? नाही बसला. इथे माझं चुकलं, मान्य करतो, इथे. पण टेबलाचं नाही!

म्हटलं, पहिला. मॅडम फणकाऱ्याने गेल्या. मग मेहुण्याने माझ्याकडून आधी रंग निवडून घेतले. पाऊण तास! मागे काळा का गडद निळा, अक्षरं हिरवी का पिवळी, "भाऊजी, डोळ्यांना त्रास व्हायला नको, जन्मभर बघायचंय." जन्मभर? पाच ओळींची फाइल जन्मभर बघू? असो. शेवटी आली ती ओळ. परवानगी घेतली. अकराच्या पुढची दोन शून्यं खोडली, तिथे एक आणि पाच. सव्वाअकरा. परवानगी परत केली. घाम पुसला. मेहुणा म्हणाला, "आता शिफ्ट धरून शेवटचं अक्षर दोनदा दाबा, की फाइल साठवून बाहेर. आणि भाऊजी, बघायचं नाही दाबताना. खरे लोक बघत नाहीत." आणि फोन ठेवला.

दाबायचं ना मग लगेच? दाबायचं! पण स्क्रीनवर उजेड पडला आणि धूळ दिसली मला. स्क्रीन बंद केला, कारण बंद स्क्रीनवर धूळ छान दिसते, आणि ओल्या फडक्याने लखलखीत पुसला. मग लक्ष गेलं की-बोर्डवर. सात वर्षांचा मळ! चहा, खडू, शाई… मी फडकं पिळलं आणि पुसला. डावीकडून उजवीकडे. मग उजवीकडून डावीकडे. मग बोटाला फडकं गुंडाळून प्रत्येक बटण वेगळं, आकड्यांवर तर जरा जास्तच, तिथे डाग होते…

काय झालं? तोंडं का अशी झाली तुमची? तुम्हाला आत्ता कळलं, मला तेव्हा नाही कळलं! फाइल उघडीच होती. परवानगी परत केलेली होती. म्हणजे प्रत्येक अक्षर हुकूम! त्या फडक्याने तीन-चारशे हुकूम सोडले असतील, आणि स्क्रीन बंद. आणि मग मी काय केलं? मान वर करून, खऱ्या लोकांसारखं, न बघता, आधी कोपऱ्यातलं बटण आणि मग शिफ्ट धरून शेवटचं अक्षर दोनदा. साठवलं सगळं! वरून मामांना म्हणालो, "बघा मामा, ह्याला म्हणतात काम."

तीन दहा. ऐका, आता लवकर सांगतो.

आज सकाळी नऊला पेपर सुरू झाला. मी वरच्या मजल्यावर पहारा द्यायला, खोली सोडायची नाही हा नियम. दहाला एक टोल पडायला हवा, एक तास झाला म्हणून. पडला. मग दुसरा पडला. मग तिसरा. अहो, थांबेचना! ती ओळ फडक्याने तेवीस वेळा चिकटवली होती! मुलं गणितं सोडून टोल मोजायला लागली. संपल्यावर मागून एक जण म्हणतो, "सर, तेवीस वाजले!" सगळा वर्ग हसतोय आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात. तरी मी म्हटलं, यंत्र आहे, एखादवेळी होतं. आणि सव्वादहाला… सव्वादहाला शेवटची घंटा! लांबलचक! अकरातल्या दुसऱ्या एकाच्या जागी फडक्याने शून्य बसवलं होतं. एक आकडा! अख्खा तास गेला!

आणि शिक्षकांचा हात कसा असतो माहितेय ना? घंटा झाली की डोकं विचार करत नाही, हात पेपर ओढतो. खालच्या मजल्यावर विज्ञानाच्या मॅडम ओरडल्या, "पेन खाली!" आणि ओढले पेपर सगळ्यांचे. मी नियम गुंडाळून ठेवला आणि जिना तीन-तीन पायऱ्यांनी उतरलो, म्हटलं, आधी यंत्राची वायर उपटू, पुन्हा वाजायला नको. वायर कुठली? माझा जुडगा! देखणा! सगळ्या काळ्या! एक उपटली. तेवढ्यात मोठ्या बाई माइकवरून म्हणत होत्या, "सर्वांनी लक्ष देऊन ऐका…" आणि माइक बंद. मीच बंद केला! सगळी शाळा लक्ष देऊन बसली. काय ऐकायला? कुणालाच माहीत नाही!

मग मॅडमच्या वर्गात गेलो. सुताराची मुलगी पेन खाली ठेवून बसली होती, दोन्ही हात मांडीवर. निम्मा पेपर कोरा. रडत नव्हती हो. रडली असती तर परवडलं असतं. माझ्याकडे बघत होती नुसती. शब्द दिला होता ना मी, छातीवर हात ठेवून! खरं सांगतो, एकवीस वर्षांत एवढी लाज मला कधी वाटली नव्हती.

बाई धावत आल्या. पेपर परत वाटले. ह्या सगळ्या गोंधळात नऊ मिनिटं गेली, तीही मुलांना द्यायची, म्हणजे शेवटची घंटा अकरा चोवीसला. बाई म्हणाल्या, "मामा, तुमची थाळी वाजवा सरळ." मामा म्हणाले, "वाजवतो की. पण हे यंत्र परत मधेच बोंबललं तर? आधी ह्याला सरळ करू." मी मेहुण्याला फोन लावला. तो म्हणतो, "भाऊजी, शांत व्हा, आधी सांगा, रंग कुठला ठेवलाय?" रंग! मी दातओठ खातोय, तोवर मामांनी खिशातून चष्मा काढला, संगणकासमोर बसले, आणि उघडला तो बालवाडीतला. मी म्हटलं, "तुम्हाला कसं येतं?" तर म्हणे, "शनिवारी तुम्ही तिन्ही उघडून दाखवलेत की, सर." खालची पट्टी बोट ठेवून वाचली. चिकटलेल्या ओळी काढल्या. अकरा चोवीस घातलं. साठवा. बाहेर पडा. दीड मिनिट! टेबलाकडे बघितलंसुद्धा नाही त्यांनी!

अकरा चोवीसला घंटा झाली. एकदा. बरोबर. म्हणजे तुमच्या एकाही मुलाचं एक मिनिट गेलेलं नाही, हे लिहून घ्या, तक्रारीच्या अर्जात खाली तेवढं लिहा. ती पोर सगळ्यांत शेवटी उठली. पेपर माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "सर, शेवटचंही झालं." मी तिथेच उभ्याउभ्या बघितलं. बरोबर होतं हो! डोळ्यांत पाणी आलं माझ्या. हे मात्र अर्जात लिहू नका.

आता म्हणाल, मग एवढा संताप कशाला? कशाला? अहो, दुपारी फळ्यावर सूचना लागली! मोठ्या बाईंच्या अक्षरात! 'आजपासून शाळेतील संगणक व घंटेचे यंत्र मामा पाहतील. यंत्रावर पुन्हा विश्वास बसेपर्यंत टोल हाताने दिले जातील. टोल देण्याचे काम गणिताचे सर करतील.' मी! पदवीधर! म्हणून हे घड्याळ, कळलं आता? पहिला टोल तीन वीसला. मी गेलो सांगायला, "बाई, पण हातोडाच नाही, हातोडा मी भंगारात टाकला." वाटलं, सुटलो…

तीन एकोणीस! चला, सरका जरा, वाट द्या. ते बघा खिडकीत. मामा. माझ्या खुर्चीत बसलेत, माझ्या लखलखीत टेबलापाशी. आणि हातात काय आहे? हातोडा! शनिवारीच काढून ठेवला होता त्यांनी खोक्यातून, माझी पाठ वळल्यावर. द्या मामा, द्या…

ऐकलंत? ऐकलंत काय म्हणाले? "घ्या सर. आणि एकच हं."

मला! गणिताच्या मास्तराला! एक म्हणजे किती, ते समजावून सांगतायत… आणि पटतंय हो सगळ्यांना!